आग कुठे आणि बंब कुठे

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

‘ताई, जय ख्रिस्त. मी ४१ वर्षांची, पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स. मिस्टर चाकणला कंपनीत, तिन्ही पाळ्या. मुलगी दहावीला, सासूबाई आमच्याजवळ. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. ईस्टरपासून आमच्यावर सैतानाचा हल्ला चाललाय. मिक्सर जळाला, मिस्टरांची गाडी घसरून हात फ्रॅक्चर झाला, मुलगी रात्ररात्र जागी असते, छातीत धडधडतं म्हणते. मी प्रार्थनेला बसले की मनात देवाबद्दल घाणेरडे शब्द येतात. मिस्टरांनी मला न विचारता त्यांच्या भावाला दोन लाख दिले, तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही. प्रार्थना गटातल्या एका भगिनींना दर्शनात आमच्या दारावर काळी सावली दिसली. शेजाऱ्यांनी काहीतरी केलंय म्हणतात, त्यांच्या दाराला दर शनिवारी लिंबू-मिरची असते. २१ दिवस उपास करा, चौकटीला तेल लावा, घरशुद्धीची प्रार्थना ठेवा आणि त्यासाठी विशेष अर्पण द्या, असं त्यांनी सांगितलंय. नाइट ड्यूटीवरचा एक सहकारी मेसेज करतो, तसं काही नाही, मी ते डिलीट करते. तीन महिने मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. घ्यावं का? आणि सैतानाला हाकलू कसं?’

प्रिय भगिनी,

जय ख्रिस्त.

तुमचं मूळ पत्र फुलस्केपची चार पानं आहे. त्यातली तीन मिक्सर, गाडी, शेजारी आणि काळी सावली यांनी खाल्ली आहेत. सहकाऱ्याच्या मेसेजना एक ओळ मिळाली, आणि ती संपते न संपते तोच तुम्ही सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांकडे वळलात. मी मात्र त्या ओळीपाशीच थांबले. ‘तसं काही नाही’ आणि ‘मी डिलीट करते’ या दोघी एका घरात नांदत नाहीत हो. दूधवाल्याचे मेसेज आपण डिलीट करतो का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तुमच्या घरी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललंय. लढाई खरी आहे, पण बंब चौकटीवर पाणी मारतोय आणि आग लागलीय पहाटे तीन वाजता नर्सिंग स्टेशनवर तुमच्या हातातल्या फोनमध्ये. थोडी तुमच्या स्वयंपाकघरातही धुमसतेय, जिथे तुम्ही दोघं सध्या ‘डबा भरलाय’ यापलीकडे बोलत नाही.

सैतान वगैरे काही नसतं, सगळे मनाचे खेळ, असं मी म्हणणार नाही. मी तसं मानतही नाही. प्रभूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात त्याला गर्जणाऱ्या सिंहाची उपमा देतो, कोणाला गिळावं हे शोधत फिरणारा. हे तो ऐकीव लिहीत नव्हता. प्रमुख याजकाच्या अंगणात त्याचं काय झालं ते आपण दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ऐकतो. त्या रात्री ना सावली होती ना कसला आवाज. गारठा होता, विस्तव पेटवलेला होता, भोवती अनोळखी माणसं शेकत बसली होती आणि एका दासीने सहज एक प्रश्न विचारला. एवढ्यावर पेत्राने प्रभूला ओळखत नाही म्हटलं, मंडळीचा खांब कोसळला. आणि तेही प्रभूने काही तास आधी नाव घेऊन बजावलं असताना, की सैतानाने तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलंय. शास्त्रातला मोहाचा फार बारकाईने सांगितलेला एक प्रसंग हा असा आहे: दमलेला माणूस, रात्र, शेकोटीची ऊब आणि दोन शब्दांचं खोटं. तुमच्या वॉर्डात यातलं काय नाही?

आता तुमच्या यादीकडे येते, कारण ती नीट निवडून वेगळी केल्याशिवाय तुम्हाला खरी जागा दिसणार नाही.

मिक्सर जळाला. सुकं खोबरं आणि शेंगदाणे एकदम घालून सलग फिरवलं की मोटर जळते. सैतानाला त्यात काही करावं लागत नाही. गाडी घसरली, तीही सकाळी तिसऱ्या पाळीहून येताना, पावसात, चाकणच्या त्या ट्रेलरनी उखडलेल्या रस्त्यावर, रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या हातून. हात मोडण्यावरच निभावलं म्हणून देवाचे आभार माना, प्लास्टर निघालं की फिजिओथेरपी चुकवू देऊ नका, आणि तो विषय तिथे मिटवा.

मुलीचं मात्र मला गंभीर वाटतं, आणि ते मिक्सरच्या यादीत बसवलेलं अजिबात आवडलं नाही. पंधरा वर्षांची मुलगी, दहावीचं वर्ष, आई रात्री घरी नाही, बाप आठवड्याआड रात्री घरी नाही, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि आता तिच्या कानावर आलंय की आपल्या दारावर काळी सावली आहे. मोठ्या माणसाचीही झोप उडेल. तुम्ही स्वतः नर्स आहात. दुसऱ्याच्या मुलीची ‘छातीत धडधड, झोप नाही’ अशी तक्रार आली असती तर तुम्ही काय सांगितलं असतंत? हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी, आणि यात काही निघालं नाही तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. तेच करा, याच आठवड्यात. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. रात्री तुम्ही ड्यूटीवर असताना तिला फारच घाबरं झालं तर हा नंबर तिच्या फोनमध्ये असू द्या. तिच्यासाठी प्रार्थना जरूर करा, तिच्याजवळ बसून, डोक्यावर हात ठेवून करा. तिच्यात काही शिरलंय असं मात्र तिच्यासमोर कुणालाही बोलू देऊ नका, आणि उद्या कुणी औषध बंद करा, सुटकेसाठी हिला अमुक ठिकाणी आणून बसवा म्हणालं तर सरळ नाही म्हणा. भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला मारणं-छळणं हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो ख्रिस्ती मांडवातही तितकाच लागू होतो, हे सांगायची वेळ येते याचं मला वाईट वाटतं.

शेजारी. त्यांनी लिंबू-मिरची त्यांच्या दाराला बांधलीय, तुमच्या नाही. आपल्या घराला कुणाची नजर लागू नये म्हणून त्यांनी ती बांधली. म्हणजे त्या दारामागेही कुणीतरी घाबरलेलंच आहे. तुमचा विश्वास वेगळा आहे, ठीक. पण त्यांनी तुमच्यावर काही केलं, हे कुणी पाहिलं? ‘आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ ही दहांपैकी एक आज्ञा आहे, आणि दर्शनात दिसलं म्हणून तिला सूट मिळत नाही. योहान तर प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या म्हणतो. माझी स्वतःची पारख अशी: ज्या दर्शनात शेजाऱ्याचा दोष स्वच्छ दिसतो आणि घरातल्या कुणाला काहीच बदलावं लागत नाही, ते दर्शन मी बाजूला ठेवते. त्या भगिनींचा हेतू वाईट असेलच असं नाही. अर्पणाचं मात्र स्पष्ट नाही म्हणा. शोमरोनातल्या शिमोनाने पवित्र आत्म्याच्या दानासाठी पैसे पुढे केले तेव्हा पेत्राने त्याला कोणत्या शब्दांत झाडलं ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. वाचा, आणि हवं तर त्यांनाही वाचायला द्या.

आणि २१ दिवसांचा उपास? नाइट ड्यूटी करत? उपाशीपोटी पहाटे चारला इन्सुलिनचे युनिट मोजणार तुम्ही? उपासाला माझा विरोध नाही, पण प्रभूची परीक्षा झाली तीच मुळी चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागली तेव्हा. पहिला वार भाकरीवरूनच झाला. म्हणजे भुकेला देह ही काही तटबंदी नव्हे. उलट शत्रू तिथूनच सुरुवात करतो. एलीयाची गोष्ट आठवा. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला, रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता माझा प्राण घे’ म्हणणारा तो संदेष्टा. देवदूताने त्याला ना उपास सांगितला ना फटकारलं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. खा, झोप. मग पुन्हा उठवून, पुन्हा खा. हे सगळं झाल्यावर होरेब डोंगराची वाट आणि देवाशी बोलणं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी मोठी जागृती झाली तिच्याबद्दल आपण फार अभिमानाने बोलतो, पण पंडिता रमाबाईंच्या त्याच आवारात शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, शेकडो मुलींचं रांधणं-वाढणं होतं, हे विसरतो. तुम्हाला सध्या उपासाची नव्हे, सलग सहा तास झोपेची गरज आहे. दुपारी खोलीला जाड पडदा लावा, सासूबाईंना सांगा की दोनपर्यंत बेल वाजली तर त्यांनीच बघायचं.

चला, आता त्या एका ओळीकडे.

त्यात नेमकं काय आहे ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. पण नाइट ड्यूटीचं मला ठाऊक आहे. बाराचा राउंड होतो, दोनपर्यंत काही ना काही चालू असतं. तीन ते चार हा तास जात नाही. सलाइनचे थेंब, मॉनिटरचा आवाज, पायांना आलेली रग. शरीराची सावधता पहाटे सगळ्यात खाली गेलेली असते हे तुम्हाला नर्सिंगमध्ये शिकवलेलंच आहे. अशा वेळी फोन उजळतो: ‘चहा घेतला का?’ एवढंच. दिवसभरात हे कुणीच विचारलेलं नसतं. ज्याने विचारायचं तो घरी झोपलाय किंवा चाकणला मशीनवर उभा आहे, आणि त्याच्यावर आपला राग आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांपैकी एव्हाग्रियस नावाच्या एकाने अशाच एका जात नसलेल्या वेळेबद्दल लिहून ठेवलंय. त्याची ती भरदुपारची. तो म्हणतो, या वेळेचा सैतान आधी सूर्य जागचा हलत नाहीसं वाटायला लावतो. मग माणूस सारखा खिडकीबाहेर बघतो, जेवायची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते पाहतो. मग त्याला त्या जागेचा आणि हातातल्या कामाचा वीट येतो. मग वाटू लागतं की आपल्या माणसांतलं प्रेम आटलंय, आपलं सांत्वन करणारं कुणी नाही. आणि अलीकडे कुणी दुखावलं असेल, तर सैतान तेही बरोबर उकरून काढतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झाले. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या झोपडीत मोबाइल नव्हता, बाकी सगळं तेच होतं. दोन लाखांचा विषय तुम्हाला दिवसा जास्त आठवतो की पहाटे तीनला? बघा जरा लक्ष ठेवून.

दुसरा माणूस आहे लोयोलाचा इग्नाती. कॅथलिक संताचं नाव घेतलं म्हणून आपल्या मंडळीतल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू द्यात. हा मूळचा शिपाईगडी, १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या मनात कोणता विचार कुठून येतो, जाताना मागे काय ठेवून जातो, हे पाहायला शिकला. त्याने शत्रूच्या वागण्याबद्दल जे नियम लिहिले त्यातला एक तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. तो सांगतो, सैतान वागतो ते एखाद्या चांगल्या घरच्या बाईच्या मागे लागलेल्या लबाड माणसासारखं. त्याची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी असते: हे आपल्यातच राहू दे, कुणाला सांगू नकोस. तिने बापाला किंवा नवऱ्याला सांगितलं की त्याचा डाव तिथेच फसतो.

म्हणून ‘डिलीट करते’ या तुमच्या शब्दांवर मी एवढी अडून बसलेय. मेसेज येणं हा तुमचा दोष नाही. सुंदर, कामसू, हसऱ्या बाईला कुणीतरी मेसेज करणारच. पण पुसून टाकलेल्या प्रत्येक मेसेजबरोबर तुमचा एक कोपरा अंधारात गेला, आणि त्या अंधाराला तुम्ही स्वतः पहारा देताय. त्याने दमायला होतं. घरात कुठेही खुट्ट झालं की काळजात धस्स होतं. माझा अंदाज खोटा ठरला तर मला आनंदच आहे, पण मला वाटतं तुमच्या मनातली निम्मी ‘काळी सावली’ या कोपऱ्यातून आलीय. काहीतरी चुकतंय हे तुम्हाला आतून कळत होतं. कुठे, ते दुसऱ्याच कुणीतरी चुकीचं दाखवलं.

काय करायचं ते आता अगदी साधं. आज ड्यूटीवर जायच्या आधी त्याला एक ओळ पाठवा: ‘कामाचं असेल तर वॉर्डच्या ग्रुपवर लिहा, पर्सनल मेसेज नको.’ कारण देऊ नका. ‘तुम्ही चांगले आहात, पण’ असं काही जोडू नका, बायबलचं वचन तर मुळीच टाकू नका. लांबलचक निरोप हे पुढच्या संभाषणाचं आमंत्रण असतं. त्यावर ‘मी काय चुकलो?’ येतं, मग तुम्ही समजावता, आणि पहाटेचे पाच वाजतात. त्यानंतर नंबर म्यूट किंवा ब्लॉक. तो तरीही थांबला नाही, तर मग मात्र डिलीट करू नका. जपून ठेवा आणि मेट्रनकडे जा. मग तो छळाचा मामला झाला आणि त्यासाठी हॉस्पिटलात अंतर्गत तक्रार समिती असते.

इन्चार्ज सिस्टरला ड्यूटी बदलून मागता येते का बघा, निदान एक महिना. त्याच्याबरोबरची नाइट टाळणं म्हणजे पळपुटेपणा, असं वाटू देऊ नका. पोटीफराच्या घरात धन्याची बायको मागे लागते तेव्हा योसेफ काय करतो? वाद घालत नाही, धीर दाखवत उभा राहत नाही. अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर पळतो. उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात आणखी एक बारीक गोष्ट आहे जी उपदेशात सहसा येत नाही: ती बाई त्याला रोज रोज म्हणत होती. एकदाच नाही. रोज. आणि योसेफ तिच्याजवळ थांबायलाही तयार नव्हता. पळणं हे शेवटच्या दिवशी झालं. त्याआधी कित्येक दिवस तो खोली बदलत होता.

आणि तीन ते चारच्या तासासाठी. फोन लॉकरमध्ये, कामापुरता वॉर्डचा लँडलाइन आहेच. पर्समध्ये शेंगदाण्याचा लाडू किंवा भाकरी-चटणी, काहीही, पण पोटात घालायचं. खिशात १२१ वं स्तोत्र एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, ते छोटं आहे. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही, असं त्यात आहे. नाइट ड्यूटीवरच्या माणसाला हे स्तोत्र जसं कळतं तसं आम्हा रात्री घोरणाऱ्यांना कळत नाही. प्रभूनेही अरण्यात सैतानाला लांब उत्तरं दिली नाहीत. तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातलं एकेक वाक्य, पाठ असलेलं. सैतानानेही ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवलं होतंच, तेव्हा नुसतं वचन पाठ असण्याने भागत नाही. पण भुकेल्या, थकलेल्या वेळी माणसाला नवीन काही सुचत नाही, जे आधी मुरलेलं असतं तेच तोंडात येतं.

यानंतरचं जरा अवघड आहे. कुणाला तरी सांगायला हवं. याकोब म्हणतो, एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. प्रार्थना गटात सांगू नका. तिथे सांगितलेली गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ होऊन रविवारपर्यंत पिंपरीला पोहोचते, हे आपण सगळे जाणतो. एक वयाने मोठी बाई शोधा, जिचं पोट खोल आहे. पाळकसाहेबांची पत्नी असेल, जुनी निवृत्त मेट्रन असेल, मावशी असेल. तिला सगळं सांगा, डिलीट केलेलंही. आणि तिला एवढंच काम द्या की महिनाभर दर आठवड्याला तुम्हाला विचारायचं, ‘त्याचा मेसेज आला का, तू उत्तर दिलंस का?’

मिस्टरांना सांगायचं का? सांगायचं, असं माझं मत आहे, पण पहाटे ड्यूटीवरून आल्या आल्या रडत नाही, आणि त्या बाईशी बोलून झाल्यावरच. दोघांची सुट्टी एकत्र येईल त्या दिवशी. आणि आधी दोन लाखांचं बोलून घ्या, कारण ते न बोलता हे सांगितलंत तर त्यांना ते सूड उगवल्यासारखं वाटेल. पौलाने इफिसकरांना लिहिलंय की रागातच सूर्य मावळू देऊ नका आणि सैतानाला वाव देऊ नका. ही दोन वाक्यं त्याने एकापाठोपाठ एक का ठेवली असतील? तुमच्याकडे ईस्टरपासून किती सूर्य मावळले. पैसे परत येतील की नाही हा वेगळा प्रश्न आहे. ‘मला विचारलं नाहीस याचं दुखलं’ हे वाक्य त्यांनी तुमच्या तोंडून अजून ऐकलंच नसेल. ऐकली असेल ती त्यांच्या भावाची उणीदुणी.

आपण त्याच पत्रातला देवाच्या शस्त्रसामग्रीचा अध्याय वाचतो तो एकदम कमरपट्टा, उरस्त्राण, ढाल असा. मुलांच्या शाब्बाथ शाळेत पुठ्ठ्याची तलवार करून तो बसवतोही. पण त्याच्या लगेच आधी काय आहे? पती-पत्नी, आईबाप-मुलं, धनी-चाकर. पौल बेड्यांमध्ये बसून आधी घर आणि कामाची जागा यांबद्दल लिहितो आणि मग म्हणतो, आता शस्त्रं चढवा. त्याच्या लेखी रणांगण कुठे आहे, हे यावरून मला तरी पुरेसं कळतं. सत्याचा कमरपट्टा तुमच्यासाठी म्हणजे ही दोन संभाषणं.

प्रार्थनेत येणाऱ्या घाणेरड्या शब्दांबद्दल. तुम्ही फार लाजून, पेन्सिलने लिहिलंय ते. मनात आलेला शब्द आणि मनाने स्वीकारलेला शब्द यांत फरक आहे. जे येतं त्याने तुम्हाला किळस येते, यावरूनच दिसतं की ते तुमचं नाही. सतराव्या शतकातले जॉन बनियन हे इंग्रज प्रचारक वर्षानुवर्षं याच त्रासातून गेले. पुढे त्यांच्या रूपककथेतल्या यात्रेकरूला अंधाऱ्या दरीत कुणीतरी मागून येऊन कानात देवनिंदा कुजबुजतं आणि त्या बिचाऱ्याला वाटतं की हे आपल्याच मनातून निघालं. असे शब्द आले की त्यांच्याशी भांडू नका, माफी मागत बसू नका, प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. येऊ देत, तुम्ही पुढचं वाक्य म्हणा. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ मोठ्याने म्हटलं तरी चालेल. चार-सहा आठवड्यांत, झोप सुधारल्यावरही हे थांबलं नाही किंवा दिवसभर सतावू लागलं, तर मुलीबरोबर तुम्हीही डॉक्टरांना दाखवा. अशा नकोशा, पुन्हा पुन्हा येणाऱ्या विचारांचा आजार असतो, त्याला औषध आहे, आणि ते घेणं अविश्वास नव्हे.

एक खूण सांगते, पुढेही उपयोगी पडेल. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा बोट नेमक्या जागेवर असतं: हा मेसेज, हा राग, हे खोटं. आणि करायचं काय तेही कळतं. प्रकटीकरणात ज्याला आपल्या बंधूंवर रात्रंदिवस दोषारोप करणारा म्हटलंय, त्याचा आवाज मोघम असतो. ‘तू संपलीस, तुझं घर शापित, तू आता कशाला देवाचं नाव घेतेस.’ ऐकून काही करता येत नाही, फक्त घाबरता येतं.

हे सगळं केलंत की घर एकदम सुरळीत होईल असं आश्वासन मी देणार नाही. योसेफ पळाला आणि तुरुंगात गेला, बढती मिळाली नाही त्याला. ते वस्त्रच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवलं गेलं. तो सहकारी वॉर्डात तुमच्याबद्दल चार शब्द वाकडे बोलेल. मिस्टर कदाचित आठवडाभर तोंड फिरवून बसतील. प्रभू अरण्यात जिंकला, तेव्हाही लूक लिहितो की सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. कायमचा नाही. रात्री तीन वाजता पुन्हा कधीतरी कंटाळा येईल, पुन्हा कुणीतरी चहाचं विचारेल.

राहिलं प्रभुभोजन. शुद्ध झाल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून तुम्ही तीन महिने मागच्या बाकावर बसून राहिलात. करिंथकरांना पौल काय लिहितो ते पुन्हा वाचा, पहिलं पत्र, अकरावा अध्याय, अठ्ठाविसावी ओवी: माणसाने आपली परीक्षा करावी, आणि मग त्या भाकरीतून खावं, त्या प्याल्यातून प्यावं. परीक्षा करून घरी बसावं असं तो म्हणत नाही. त्या सहकाऱ्याला मेसेज पाठवलात, त्या मोठ्या बाईशी बोललात, मिस्टरांशी बोलायचं ठरवलंत, की तुमची परीक्षा झाली. घ्या. पाळकसाहेबांना आधी भेटावंसं वाटलं तर फोन करून शनिवारी संध्याकाळी जा. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या रात्रीची नाइट ऑफ इन्चार्जकडे आत्ताच मागून ठेवा; ती रात्र वॉर्डातल्या सगळ्याच ख्रिस्ती सिस्टरना हवी असते.